माझा मित्र चिमाजी, टाइमकीपर

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजात १०.५२ ला पोचलो. प्राचार्य गायधनी ११.०९ ला आले. मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते म्हणाले, "काय शेवाळे सर, घड्याळ बंद पडलंय का?" काही माणसांना सूचकपणे सांगितलेलं कळतच नाही.

पण आज बातमी मोठी आहे. २० तारखेला विद्यापीठाची तपासणी समिती येणार. त्यानंतर कामगार कायद्याची एक पूर्णवेळ जागा भरायची आहे आणि त्यात समितीच्या मताला वजन आहे. मी गेली दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर गंगापूर रोडवरून चाललेला एक गृहस्थ. ही जागा मला मिळायलाच हवी. नाही मिळाली तर या वयात दुसरीकडे कुठे विचारायचं हे मला खरंच माहीत नाही.

समितीसाठी सगळ्या प्राध्यापकांच्या व्यावसायिक पार्श्वभूमीची एक पुस्तिका काढायची आहे. ते काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं. "तुमच्याइतक्या चोख नोंदी ठेवणारा माणूस दुसरा नाही," म्हणाले. हे त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे.

ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून इथे खरं लिहून ठेवतो. कॉलेजात मी "बावीस वर्षं कामगार कायद्याची प्रॅक्टिस केलेला वकील" म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात मी बावीस वर्षं सातपूरला एका कंपनीत, गेट क्रमांक दोनवर टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आलं ते रजिस्टरला लिहायचं, उशीर झाला की लाल पेन. शिफ्ट सांभाळून एलएलबी केलं, मग एलएलएम केलं आणि पन्नाशीला नोकरी सोडली. कोर्टात एकूण आठ महिने उभा राहिलो. दोन केसेस मिळाल्या. एकीत तडजोड झाली. दुसरीतला पक्षकार मधेच दुसऱ्या वकिलाकडे गेला, जाताना माझं पेनही घेऊन गेला.

प्राध्यापक माणूस गेटवर बसत होता हे काही बरं दिसत नाही. माझा तिथला जुना सोबती गोटीराम अजून त्या गेटवर आहे आणि दर वर्षी कंपनीची डायरी आठवणीने पाठवतो. तीच ही डायरी. मी तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्या वर्षाचा तास. ११.३० चा, ११.३० ला सुरू. विषय होता, कामगाराची ड्युटी नेमकी कुठे सुरू होते. पुस्तकातलं अर्धं पान वाचलं आणि सगळे पेंगायला लागले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आज चिमाजी नाही का?"

चिमाजी म्हणजे माझा एक मित्र, सातपूरला टाइमकीपर आहे, असं मी वर्गात सांगत आलोय. असा कुणी नाही. चिमाजी मीच. पण गेटवरच्या हकीगती सांगायच्या तर कुणाच्या तरी नावावर घालायला हव्यात.

मग चिमाजीच्या नोंदवहीची हकीगत सांगितली. धोंडीराम नावाचा कामगार सकाळी गेटमधून आत आला. पंचिंगचं मशीन गेटपासून चाळीस पावलांवर. त्या चाळीस पावलांत तो सांडलेल्या ऑइलवरून घसरला आणि पाय मोडून बसला. कंपनी म्हणाली, कार्ड पंच झालेलं नाही म्हणजे माणूस कामावर आलेलाच नाही. पण चिमाजीला सवय होती. रजिस्टर सोडून तो स्वतःच्या खिशातल्या नोंदवहीत प्रत्येकाची गेटवरची वेळ लिहायचा. धोंडीराम, ६.५२. ती वही घेऊन तो कोर्टात साक्षीला उभा राहिला. धोंडीरामला भरपाई मिळाली. चिमाजीला स्टोअरमध्ये वॉशर मोजायला बसवलं. सहा महिन्यांनी पुन्हा गेटवर आणलं, कारण नवा टाइमकीपर अख्खी कंपनी वेळेवर आलेली दाखवायला लागला होता.

कोणीही पेंगलं नाही. सुरगाण्याची मोहिनी गावित म्हणून एक हुशार मुलगी आहे, तिने विचारलं, "सर, कोर्टात उभं राहताना तुम्हाला भीती नाही वाटली? म्हणजे, चिमाजींना?" बिचारी बोलण्याच्या घाईत चुकली. मी म्हणालो, "चिमाजीचे पाय लटपटत होते असं तो सांगायचा. पण तिथला वकील प्रश्न विचारत असताना त्याला वाटलं, हे आपल्यालाही जमेल." सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. का ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तिकेचं काम जोरात. किशोर देवरे सर करार कायदा शिकवतात. माझ्यासारखेच देवळ्याचे. स्टाफरूममध्ये ११.१७ ला आले आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय करी ऱ्हायना भो?" मी त्यांना अनुभवाबद्दल विचारलं. म्हणाले, "बारा वर्षं बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला. तसंच लिही." तसं कसं लिहिणार? मी लिहिलं, "कृषी-व्यापारातील प्रस्ताव व स्वीकृती या प्रक्रियेचे प्रत्यक्ष संचालन." त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

तेजल कुलथे मॅडम कौटुंबिक कायदा शिकवतात. त्यांचं आधी वधूवर सूचक केंद्र होतं. "एकशेचाळीस लग्नं जमवली, त्यातली एकशे एकतीस टिकली," हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"आणि उरलेली नऊ?"

"त्यांच्यासाठीच तर कायद्याला प्रवेश घेतला."

मी लिहिलं, "वैवाहिक संबंधांच्या उभारणीचा व विसर्जनाचा दुहेरी अनुभव." मॅडम म्हणाल्या, विसर्जन काढा, गणपती वाटतात.

प्राचार्य नोटरी होते. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून बसायचे. मी "खुल्या परिसरातील दस्तऐवज प्रमाणन" असं लिहिलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "शेवाळे, चिंच लिहायला तुम्हाला लाज वाटते का? मला नाही वाटत." मी म्हणालो, समितीपुढे भाषेला भारदस्तपणा हवा. ते म्हणाले, "तुमचं काय लिहिलंत?" मी दाखवलं. "औद्योगिक मनुष्यबळाच्या आगमन-नियमनाशी निगडित कायद्याची बावीस वर्षांची अखंड प्रॅक्टिस." त्यांना जोराचा खोकला आला. हवा बदलतेय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तिका छापून आली. घरी बायकोला, लंकाला, माझं पान वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गेट कुठाय यात?"

"गेट लिहायचं नसतं."

"का? बावीस वर्षं त्या गेटानंच खाऊ घातलं ना? साक्ष दिली तेव्हा सगळे साहेब तुमच्यावर डोळे वटारून होते, तरी मी माहेरी तोंड वर करून सांगितलं. आता तुम्हीच लपवताय."

मी म्हणालो, तुझ्या भावाला मी प्राध्यापक झाल्याचं सांगायला आवडतं की नाही? ती म्हणाली, "त्याला लय आवडतं. मला तुमच्या त्या वहीचं आवडतं." मग भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडे पाठ केली. हे प्रकरण तिला समजावून सांगण्यात अर्थ नाही. नेहमी ७.३० ला जेवतो, आज ८.१० झाले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

समिती आली. १०.०० ची वेळ दिली होती, ९.५८ ला गाडी फाटकात. मन प्रसन्न झालं. अध्यक्ष एक बाई होत्या, साठीच्या, आवाज बारीक आणि नजर करडी. पुस्तिका चाळत म्हणाल्या, "इथे सगळेच इतके मोठे तज्ज्ञ आहेत की कोण काय करत होतं तेच कळत नाही."

देवरे सरांना त्यांनी विचारलं, प्रस्ताव व स्वीकृतीचं संचालन म्हणजे काय हो? देवरे सर उठले, बाही वर केली आणि प्राचार्यांच्या टेबलावरचा पेपरवेट हातात घेऊन खणखणीत आवाजात कांदा पुकारायला लागले. समितीतल्या दोघांनी नकळत बोली लावली. पेपरवेट तिसऱ्यांदा पुकारून विकला गेला, तेव्हा बाई म्हणाल्या, "करार पूर्ण झाला. आता समजलं." मला घाम फुटला होता.

मग त्यांनी विद्यार्थ्यांना भेटायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं. दार लावून घेतलं ते ११.४० ला, उघडलं १२.२६ ला. आतून हसण्याचे आवाज येत होते, मधे बराच वेळ शांतताही होती.

जाताना बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्याकडे वकील भरपूर आहेत. कारखाना आतून पाहिलेला माणूस हवा. मुलं एका चिमाजीबद्दल सांगत होती, टाइमकीपर. अनुभवी माणसाला असं शिकवायला घेता येतं. कामगार कायद्याच्या जागेवर त्या चिमाजीचा विचार करा, असं मी लिहिणार आहे." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही त्यांचे मित्र ना? त्यांना समजावा."

मी मान हलवली. जागा चिमाजीला चालली आहे. माझी जागा. २.१५ चा तास मी २.१९ ला सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चिमाजीचा मला राग यायला लागला आहे. मी त्याला नाव दिलं, वही दिली, चांगल्या चांगल्या हकीगती दिल्या. स्वतःसाठी काय ठेवलं तर "आगमन-नियमन". आणि आता हा आयता येऊन बसणार.

प्राचार्यांना भेटून म्हणालो, "सर, मी मित्राबद्दल वाईट बोलू नये, पण चिमाजी तसा विसराळू आहे."

"असं? मुलं तर म्हणतात त्याला वीस वर्षांपूर्वीची मिनिटंसुद्धा आठवतात."

"हेकट आहे."

"ते ठाऊक आहे."

"त्याला चारचौघांत बोलता येत नाही."

"मला वाटतं येतं," प्राचार्य म्हणाले. "फार सरळ माणूस आहे तो. फक्त पुढे यायला लाजतो. तुम्ही जरा त्याच्याशी बोलून बघा ना. आज दुपारी घरी असेल ना तो?" हे ऐकून मला संशय आला की प्राचार्यांनी चिमाजीशी परस्पर संधान बांधलं आहे. मग आठवलं, चिमाजी नाहीच आहे.

खरं सांगून टाकावं का? पण पुस्तिकेत बावीस वर्षांची प्रॅक्टिस छापून बसलोय. खोटं लिहिलं म्हणून तासिकाही जातील. एकतर चिमाजी राहील, नाहीतर मी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज तासाच्या सुरुवातीला जाहीर केलं, "कळवायला अत्यंत दुःख होतं, माझा मित्र चिमाजी परवा वारला."

मोहिनी गावितने विचारलं, "किती वाजता, सर?"

"६.५२ ला," माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्या मुलांनी माना खाली घातल्या. काही जणांचे खांदे हलत होते. इतकं रडतील असं वाटलं नव्हतं. मलाच गलबलून आलं आणि तास दहा मिनिटं आधी सोडला.

घरी लंकाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता मी कपाळाला कुंकू लावू का नको?" तिच्याशी बोलायची सोय नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टाफरूममध्ये देवरे सर माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. म्हणाले, "जवळचा माणूस गेला भो." कुलथे मॅडमनी विचारलं, मागे कोण कोण आहे? मी म्हणालो, बायको आहे. त्या म्हणाल्या, "घाई नाही, पण माझ्या वहीत दोन-तीन चांगली स्थळं आहेत." मला ते मुळीच आवडलं नाही.

आणखी एक. मुलांनी शनिवारी सभागृहात चिमाजीची शोकसभा ठेवली आहे. प्राचार्यांनी परवानगीही दिली. ११.०० वाजता. मला अध्यक्ष केलंय. आता माघार कशी घेणार?

२८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

१०.५५ ला सभागृहात गेलो. टेबलावर उदबत्ती आणि हार होता, फोटो नव्हता. "फोटो मिळाला नाही, सर," मोहिनी म्हणाली, "म्हणून जागा मोकळी ठेवलीय." माझी खुर्ची नेमकी त्या मोकळ्या जागेच्या मागे होती. दोन मिनिटं स्तब्धता झाली. प्रत्यक्षात एक मिनिट चाळीस सेकंद, पण अशा वेळी कसं बोलणार.

मग मुलं बोलायला उठली. मला वाटलं होतं दोन शब्द बोलतील आणि संपेल. एक मुलगा म्हणाला, माझे वडील सातपूरला हेल्पर आहेत, चिमाजींमुळे मला पहिल्यांदा कळलं की त्यांचाही एक कायदा आहे. एक मुलगी म्हणाली, मी कॉलेज सोडणार होते, चिमाजी शिफ्ट करून पहाटे अभ्यास करायचे हे ऐकलं म्हणून राहिले. मोहिनी म्हणाली, "आमच्याकडची माणसं कामाला बाहेर जातात. कुठे किती दिवस काम केलं याची नोंद कुणाकडेच नसते. मी आता गावातल्या सगळ्यांना वही ठेवायला लावलीय. चिमाजींसारखी."

मी रुमाल काढला. खरंच सांगतो, मला चिमाजीचं फार वाईट वाटलं. इतका चांगला माणूस आणि मी त्याला तीन दिवसांपूर्वी मारून मोकळा झालो.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. ११.३४ झाले होते. एक म्हातारा माणूस, पांढरी टोपी, काठी टेकत, डावा पाय ओढत आत आला. मी त्या चालीला अठरा वर्षांनी पाहत होतो, पण ओळखलं. धोंडीराम.

मोहिनीने प्रकल्पासाठी लेबर कोर्टातला निकाल शोधून काढला होता, गेल्याच वर्षी. त्यात साक्षीदारांची नावं असतात. साक्षीदार क्रमांक तीन, गोरक्ष शेवाळे, टाइमकीपर. माझ्यासारख्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. निकालावरून तिने धोंडीरामचा पत्ता मिळवला आणि आज बोलावून घेतलं.

धोंडीराम थेट टेबलापाशी आला. हार उचलला. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोरगी म्हणली शेवाळे सायबाची सभा हाय. मेलंय कोण?"

प्राचार्य छताकडे बघत होते.

"ह्यो तर जित्ता बसलाय!" म्हणून त्याने हार माझ्या गळ्यात घातला. "सायेब, तुम्ही त्या दिवशी माझं नाव लिवलं नसतं ना, तर मी नुसता पाय मोडलेला माणूस ऱ्हायलो असतो. पोरीचं लगीन त्याच पैशात केलं. आन् ह्ये फळ्यावर लिवलंय त्ये चिमाजी कोन?"

मी उभा राहिलो. पाय कोर्टात लटपटले होते तसेच लटपटत होते. म्हणालो, "चिमाजी मीच. मी गेट क्रमांक दोनवर टाइमकीपर होतो. मला सांगायला लाज वाटायची."

मला वाटलं आता सगळे चकित होतील. कोणीच चकित झालं नाही. देवरे सर नुसते "हां" म्हणाले. मग मागून एक जण टाळ्या वाजवायला लागला आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो. उदबत्ती तशीच जळत होती, ती कुलथे मॅडमनी विझवली.

"सगळ्यांना माहीत होतं?" मी प्राचार्यांना विचारलं.

"अहो, तुम्ही वर्गात हजेरी घेताना उशिरा आलेल्यांची नावं लाल पेनाने लिहिता. आणखी काय पाहिजे?"

२ मार्च, सोमवार

प्राचार्यांनी समितीचा अहवाल दाखवला. २० तारखेलाच लिहिलेला. त्यात स्वच्छ होतं, "श्री. गोरक्ष शेवाळे, माजी टाइमकीपर, यांची पूर्णवेळ नेमणूक करावी. त्यांनी स्वतःची माहिती स्वतःच्या नावाने लिहून द्यावी." मुलांनी बाईंना त्या बंद दारामागे सगळं सांगितलं होतं. म्हणजे मी एका मिळालेल्या जागेसाठी माणूस मारला.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"दाखवणारच होतो, पण तुम्ही चिमाजीच्या तक्रारी घेऊन आलात. मग म्हटलं बघू तरी कुठवर जाताय."

पुस्तिका पुन्हा छापायची ठरलं. देवरे सरांपुढे "कांदा लिलाव, बारा वर्षं", मॅडमपुढे "एकशेचाळीस लग्नं", प्राचार्यांपुढे "नोटरी, चिंचेखाली". माझ्यापुढे "टाइमकीपर, गेट क्रमांक दोन, बावीस वर्षं". लंकाने ते पान माझ्याकडून मागून घेतलं आणि भावाला फोनवर वाचून दाखवलं, दोनदा. मी डायरीचं कव्हरही काढून टाकलं.

११.३० चा तास ११.३० ला सुरू केला. छाती पुढे काढून म्हणालो, "मी एकदा गेटवर असताना..."

वर्गात चुळबुळ झाली. मोहिनी गावितने हात वर केला. "सर, राग मानू नका. पण चिमाजी जास्त छान सांगायचे."

सगळे होकारार्थी माना हलवत होते. मी रजिस्टर उघडलं. बिनरजा गैरहजर राहिलेल्याचं नाव कमी करायचा नियम मला पाठ आहे, पण मेलेल्या माणसाला परत घेऊ नये असं कुठल्याच नियमात नाही. शेवटच्या नावाखाली निळ्या पेनाने लिहिलं, "चिमाजी, हजर, ११.३४."

चार मिनिटं उशीर झाला होता. मी लाल पेनाला हात लावला नाही.